फ्लाय रिळाचं बॅकिंग, स्वस्तात आणि नीट: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर फ्लायचा, म्हणजे पिसा-धाग्यांच्या नकली किड्याने मासा धरायचा, रॉड जोडायला घेतला की पाच मिनिटांत मागे दोन माणसं येऊन उभी राहतात. पहिला प्रश्न ठरलेला: "लागतो का मासा?" दुसराही ठरलेला: "एवढी जाड दोरी, मासा घाबरत नाही का?" तिसरा प्रश्न काठावर येत नाही, तो फोनवर येतो, नवीन रीळ घरी आल्यावर. "दादा, रीळ आलं, फ्लाय लाइन आली, पण गुंडाळली तर रीळ अर्धंच भरलं. आत काय भरायचं?"

खालचं सगळं त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका, मग तो फ्लायचा असो की पिठाच्या गोळीचा.

बॅकिंग म्हणजे नेमकं काय?

माशाच्या तोंडापासून उलटं मोजत या. आधी बारीक टिपेट, म्हणजे ज्याला फ्लाय बांधतो तो धागा, मग निमुळता होत गेलेला लीडर, मग ती रंगीत जाड फ्लाय लाइन. फ्लाय लाइन साधारण २५ ते ३० मीटरची असते आणि तिथे संपते. ती संपल्यावर रिळाच्या गाभ्यापर्यंत जी बारीक, मजबूत, विणलेली दोरी असते ते बॅकिंग. फेकताना ते कधीच बाहेर येत नाही. जोरकस मासा सगळी फ्लाय लाइन ओढून पळाला, तरच त्याचं दर्शन होतं.

आपल्या धरणांत मासा ३० मीटर पळतो कुठे? मग बॅकिंग हवंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. चिलापी तर वीतभर पळून हार मानते. मरळ धक्का जबरदस्त देते, पण लांब जात नाही, पाणवनस्पतीत घुसून बसते. मोठा रोहू किंवा कटला मात्र सरळ खोल पाण्याकडे सुटतो, आणि महासीर, म्हणजे आपला खडस, लागला तर बोलायलाच नको. तरीही खरं सांगायचं तर दारणा-गंगापूरवर वर्षभर जाऊनही बॅकिंग एकदाही दिसलं नाही, असं होऊ शकतं. माझं झालंय.

पण बॅकिंगचं रोजचं काम वेगळंच आहे. ते समजायला येवल्याच्या संक्रांतीला जा. तिथे चक्रीऐवजी आसारी वापरतात. कसलेला पतंगबाज रिकाम्या आसारीवर थोडाच मांजा घेऊन गच्चीवर चढत नाही. आसारी भरलेली असली की एका फिरकीत हातभर दोरा आत येतो, रिकामी असली की नुसतेच हात फिरतात.

रिळाचंही तेच गणित. फ्लायच्या रिळात गिअर नसतात. हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचा, ज्यावर दोरी गुंडाळतात त्या चाकाचा, एकच फेरा. गुंडाळीचा व्यास ४ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर लाइन आत येते, म्हणजे १० मीटर ओढायला ८० फेरे. तीच गुंडाळी ७ सेंटिमीटर व्यासाची असेल तर ४५ फेऱ्यांत काम होतं. मासा तुमच्याच दिशेने पळत आला की हा फरक मनगटाला कळतो.

दुसरा फायदा फ्लाय लाइनचा. बारीक गाभ्यावर ती घट्ट वेटोळ्यांत बसते आणि ते वळण तिच्या अंगात मुरतं. मग पाण्यावर ती स्प्रिंगसारखी पडते आणि आपण दोष स्वतःच्या हाताला देतो. बॅकिंगने गाभा जाड केला की वेटोळी मोठी होतात आणि लाइन सरळ राहते. हजारो रुपयांची फ्लाय लाइन नीट राहावी म्हणून तिच्याखाली घातलेली ही गादी समजा.

कोणकोणत्या प्रकारचं बॅकिंग मिळतं?

खऱ्या अर्थाने दोनच.

पहिलं डॅक्रॉन. हे विणलेलं पॉलिस्टर. पॉलिस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला आणि अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने ते डॅक्रॉन या नावाने विकलं. कंपनी कुठलीही असो, गळवाले आजही डॅक्रॉनच म्हणतात. त्याआधी सुती आणि रेशमी दोऱ्या असायच्या. दर खेपेला त्या वाळवाव्या लागायच्या, नाहीतर कुजायच्या. पॉलिस्टर कुजत नाही, फारसं ताणलं जात नाही, गाठ छान धरतं आणि बोट कापत नाही. स्वस्तही हेच.

दुसरं जेलस्पन. हे अतिमजबूत पॉलिथिलिन, ज्याला डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनीही ओळखतात. तेवढ्याच ताकदीला डॅक्रॉनपेक्षा बरंच बारीक, त्यामुळे त्याच रिळात खूप जास्त मावतं. पण गुळगुळीत इतकं की साधी गाठ घसरते, आणि ताणाखाली बोटात आलं तर सुरीसारखं चिरतं. 'फ्लाय बॅकिंग' म्हणून विकलं जाणारं जेलस्पन महागही असतं.

नाशिकच्या पाण्यासाठी, ५ ते ७ नंबरच्या रॉडसाठी (नंबर म्हणजे लाइनचं वजन, नंबर मोठा तेवढी लाइन जड), डॅक्रॉन घ्या आणि विषय संपवा. जेलस्पनची गरज कुणाला, ते खाली कोकणच्या प्रश्नात येईल.

२० पौंडी घेऊ की ३० पौंडी?

२० पौंड म्हणजे ९ किलो, ३० पौंड म्हणजे साडेतेरा. सात नंबरपर्यंतच्या लाइनला २० पौंडी, आठ आणि त्यावर ३० पौंडी, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

"मग ३० पौंडीच घेतो, मजबूत बरं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. साखळी तुटायचीच तर ती टिपेटपाशी तुटली पाहिजे. आपण इथे ६ ते १० पौंडांचं टिपेट लावतो. मासा ते तोडून जाईल, २० पौंडापर्यंत गोष्ट पोचणारच नाही. जाड दोरी भरून फक्त जागा जाते.

किती मीटर लागेल?

इथल्या धरणांना ५० मीटर पुरे, १०० मीटर म्हणजे चैन. महासीरसाठी मोठ्या वाहत्या नदीवर जायचं असेल तर १०० ते १५० मीटर ठेवा.

रिळाच्या खोक्यावर बहुधा लिहिलेलं असतं: डब्ल्यूएफ-६, १०० यार्ड, २० पौंड. म्हणजे सहा नंबरची पुढे जड असलेली लाइन आणि तिच्याखाली २० पौंडी डॅक्रॉन १०० यार्ड. यार्ड मीटरपेक्षा लहान असतो, १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच रिळावर पाच नंबरची लाइन लावली तर ती कमी जागा खाते, मग बॅकिंग थोडं जास्त बसतं. सात नंबरची लावली तर उलट.

दोरीचा प्रकार बदलला तर हिशेब व्यासाच्या वर्गाने बदलतो. समजा डॅक्रॉन ०.४५ मिलिमीटर जाड आहे आणि तुम्ही ०.३० मिलिमीटरची दुसरी दोरी भरताय. व्यास दीडपट कमी, म्हणजे लांबी सव्वादोनपट. जिथे १०० मीटर मावत होतं तिथे २२५ मीटर लागेल. बारीक दोरी 'स्वस्त' म्हणून घेणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. मीटरचा दर कमी असतो, पण रीळ भरायला दुपटीहून जास्त मीटर लागतात.

खोकं हरवलंय, आकडे माहीत नाहीत. अंदाज कसा घ्यायचा?

अंदाज घ्यायचाच नाही, उलटं भरायचं. आधी फ्लाय लाइन गुंडाळा, तिचं पुढचं टोक आत ठेवून. तिच्या मागच्या टोकाला बॅकिंग जोडा आणि स्पूलच्या कडेपासून ४-५ मिलिमीटर जागा उरेल इतकं भरा. तिथे कापा. आता हे सगळं पुन्हा बाहेर काढून उलट क्रमाने भरायचं: बॅकिंग आधी, फ्लाय लाइन वर.

बाहेर काढून ठेवायचं कुठे, ही खरी अडचण. मी हे काम मखमलाबादला एका मित्राच्या द्राक्षबागेत केलं, दोन ओळींच्या मधल्या पट्टीत. एका टोकाला खांबाला टोक बांधलं आणि चालत गेलो. परत येताना वळून पुन्हा खांबापर्यंत. बागेत काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तारा कमी पडल्या का?" शहरात राहत असाल तर गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे जमतं, पण जॉगिंगवाल्यांच्या पायात येणार नाही अशा कोपऱ्यात. दोन रिकामी रिळं किंवा मोठ्या बॉबिना असतील तर हे घरीच होतं: आपल्या रिळावरून पहिल्या बॉबिनवर, तिच्यावरून दुसरीवर, आणि दुसरीवरून परत आपल्या रिळावर.

तंगूस भरला तर? घरात पडूनच आहे.

नको. हे मी करून बसलोय, म्हणून ठामपणे सांगतो.

माझं पहिलं रीळ स्वस्तातलं प्लास्टिकचं होतं. त्यात मी उत्साहात घरातला तंगूस भरला. दारणेवर एकदा फ्लाय बुडालेल्या बाभळीत अडकली. रॉड खाली करून दोरी हाताने ओढायची, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी रिळानेच ओढत राहिलो आणि ताणलेला तंगूस तसाच गुंडाळला गेला. नायलॉनचा एकसंध धागा ताणला की लांब होतो, आणि गुंडाळल्यावर हळूहळू पूर्ववत आखडायला बघतो. एका वेटोळ्याचा जोर काहीच नसतो. शंभर वेटोळ्यांचा एकत्र जोर स्पूलच्या गाभ्यावर आणि भिंतींवर बसतो. घरी येऊन पाहिलं तर स्पूलची कड बाहेर फुगली होती आणि फ्रेमला घासत होती. बॅकिंगचे पैसे वाचवले आणि रीळ घालवलं.

शिवाय तंगूस वळण धरतो, सैल झाला की वेटोळ्यांतून उसळतो आणि फ्लाय लाइनच्या खाली गुंता करतो. ठेवा तो गळवाल्या पोरांना.

आणि पतंगाचा मांजा?

नायलॉन मांजावर बंदी आहे. दर संक्रांतीला पाखरांचे आणि दुचाकीवाल्यांचे गळे त्याने कापले जातात, म्हणून. तो घरात असेल तर बॅकिंगचा विचार सोडा, आधी नष्ट करा. सुती मांजावर काचेची खळ असते. ती फ्लाय लाइन आणि रीळ दोन्ही खरवडून काढेल.

गवंड्याची लाइनदोरी? शिंप्याचा पॉलिस्टर दोरा?

लाइनदोरी जाड आणि बहुधा पीळ दिलेली नायलॉनची. पाणी पिते, फुगते, ताणते. शिंप्याचा दोरा पॉलिस्टरचा असला तरी शिलाईपुरताच मजबूत. दोन्ही नकोत.

साध्या स्पिनिंग रिळाची ब्रेडेड लाइन बॅकिंग म्हणून चालते का?

चालते, आणि आपल्याकडे फ्लायचं खास बॅकिंग सहज मिळत नसल्यामुळे बरेच जण तेच करतात. आतून ती पॉलिथिलिनचीच, जेलस्पनची भावंडं. फक्त तीन गोष्टी बघा.

बारीक घेऊ नका. २० पौंडी ब्रेड शिवणाच्या दोऱ्यासारखी असते. ती स्वतःच्याच वेटोळ्यांत रुतते आणि मासा पळाला की अडकून टिपेट तोडते. ४० ते ५० पौंडी घ्या. एवढी ताकद लागत नाही, जाडी लागते. चार पदरीपेक्षा आठ पदरी गोल आणि गुळगुळीत, पण बॅकिंगला चार पदरीही पुरते, पैसे वाचवायचे तर इथे वाचवा. आणि ती अतिशय घट्ट भरा, डॅक्रॉनपेक्षाही घट्ट.

आणखी एक वस्तू फारशी कुणाला सुचत नाही: समुद्रात ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढायला, वापरतात ती विणलेली डॅक्रॉन लाइन. वस्तू तीच, फक्त पाकिटावर 'फ्लाय' हा शब्द नसतो. मिळाली तर बेलाशक घ्या.

पाकिटावरचे आकडे खरे मानायचे का?

नामांकित कंपनीच्या पाकिटावरचे, हो. बिननावाच्या चकचकीत पाकिटावरचे, तपासल्याशिवाय नाही. एका दुकानातून मी '३० पौंड' लिहिलेली दोरी आणली होती. ती बादलीच्या परीक्षेत सपशेल नापास झाली.

परीक्षा अशी. दोरीचं एक टोक ग्रिलच्या आडव्या गजाला चार-पाच वेढे देऊन बांधा, दुसऱ्या टोकाला बादली. बादलीखाली जुनी गादी. मग तांब्याने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, शिवाय बादलीचं वजन. २० पौंडी दोरीने ९ किलो पेलायला हवेत. गाठीपाशी ताकद थोडी घटतेच, म्हणून सातपर्यंत टिकली तरी मी कुरकुर करत नाही. चार-पाच किलोलाच तुटली तर ती दोरी वेल बांधायला.

जाडी तपासायला मायक्रोमीटर नको. पेन्सिलीवर २० वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढवता घ्या आणि पट्टीने रुंदी मोजा. ९ मिलिमीटर भरली तर भागिले २० म्हणजे ०.४५ मिलिमीटर. मग वरचा वर्गाचा हिशेब लावा.

स्वस्तात घ्यायचं म्हणजे नक्की कुठे वाचवायचं?

पाकिटाची किंमत बघू नका, मीटरचा दर काढा. समजा ९०० रुपयांना १०० यार्डांचं पाकीट आहे, म्हणजे मीटरला जवळपास १० रुपये. १५०० रुपयांना ३०० मीटरचं असेल तर मीटरला ५. पण तुम्हाला ८० मीटरच भरायचं असेल तर उरलेलं २२० मीटर कपाटात झोपणार. तिथे भिशी करा. तिघा-चौघांनी मिळून मोठं रीळ घ्यायचं आणि वाटून घ्यायचं. बॅकिंग मोठ्या बॉबिनवर हजार यार्डांनीही विकतात, आणि काही कंपन्या १०० यार्डांच्या बॉबिना न कापता एकाच सलग दोरीवर विकतात. हव्या तेवढ्या सोडवून घ्यायच्या. बाहेरदेशी कुणी नातेवाईक असेल तर त्याच्या खिशात मावेल एवढं ते असतं, बॅगेत वजन म्हणून जाणवतही नाही.

'सुपर', 'प्रो', 'टूर्नामेंट' असल्या शब्दांना पैसे देऊ नका. मीठ, कोरल आणि शंभर-दीडशे मीटरची धाव नसेल तर साध्या आणि भारी डॅक्रॉनमधला फरक तुम्हाला आयुष्यात कळणार नाही. वाचलेले पैसे फ्लाय लाइनमध्ये घाला, तो फरक पहिल्याच फेकीला कळतो.

दोन तुकडे जोडून भरले तर?

अगदी नाइलाज असेल तर. जोड गाभ्याच्या जवळ, खाली राहू दे. त्या गाठीला वरचं वेटोळं अडकतं, म्हणून वरच्या ४०-५० मीटरमध्ये जोड नको.

भरायचं कसं? इथेच सगळे गंडतात म्हणे.

इथेच. दोन हजारांचं जेलस्पन सैल भरलेलं असेल तर त्यापेक्षा स्वस्त डॅक्रॉन घट्ट भरलेलं कधीही चांगलं. पुन्हा येवल्यालाच जाऊ, या वेळी पैठणीच्या मागापाशी. विणकराच्या घरात कांड्या भरायचं काम चालतं. कांडी सैल भरली, मध्येच फुगली, एका बाजूला डोंगर झाला, की धोट्यातून धागा अडखळत येतो आणि विणताना तुटतो. ज्याने कांडी भरताना पाहिलंय त्याला बॅकिंग शिकवावं लागत नाही.

बॉबिनमध्ये पेन्सिल घालून कुणाला तरी धरायला द्या, म्हणजे ती फिरत फिरत दोरी सोडेल. बॉबिन आडवी टाकून बाजूने दोरी ओढलीत तर प्रत्येक वेटोळ्याला पीळ पडतो. दोरी ओल्या फडक्याच्या घडीतून येऊ द्या. फडकं चिमटीत धरून ताण ठेवायचा, उघड्या बोटांत नाही. जेलस्पन असेल तर हातमोजा घाला, ही चैन नाही.

फ्लायच्या रिळाला दोरी आपोआप डावी-उजवी नेणारी यंत्रणा नसते. ते काम बोटाने करायचं: हळूहळू या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि परत. अगदी शेजारी-शेजारी रचण्याचा अट्टहास नको. थोडं तिरकं जात राहिलं की वरचं वेटोळं खालच्या दोन वेटोळ्यांत रुतत नाही. भरून झालं की अंगठ्याने दाबून बघा. कडक लागलं पाहिजे, भिजवलेल्या मटकीच्या पुरचुंडीसारखं मऊ नाही.

काठोकाठ भरू नका. घरी आपण नीट बसून गुंडाळतो. पाण्यावर मासा असताना कोण नीट गुंडाळतोय? एका बाजूला ढीग होतो आणि लाइन फ्रेमला घासते. म्हणून ती ४-५ मिलिमीटरची मोकळीक.

आणि भरायच्या आधी हँडल डावीकडे हवं की उजवीकडे, ते ठरवा. नंतर बदललंत तर सगळं उपसून उलट भरावं लागतं. हे सांगून ठेवतो, कारण फोन येतात.

गाठी कोणत्या?

गाभ्याला आर्बर गाठ. दोरी गाभ्याभोवती फिरवून आणा, टोकाने मुख्य दोरीभोवती एक साधी गाठ मारा, मग टोकावरच आणखी एक साधी गाठ. ओढलं की पहिली गाठ सरकत गाभ्याला आवळते आणि दुसरी तिला अडवते. जेलस्पन किंवा ब्रेड गुळगुळीत गाभ्यावर सबंध गुंडाळीच गोल फिरू लागते. रिळाचं हँडल फिरतंय पण दोरी येत नाही, हा भुताटकीचा प्रकार त्यामुळेच. त्यासाठी गाभ्याभोवती दोन वेढे घ्या, किंवा खाली कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, किंवा आधी चार-पाच मीटर डॅक्रॉन भरा.

फ्लाय लाइनच्या मागे तयार फासा असेल तर बॅकिंगलाही फासा करा आणि फाशात फासा घाला. डॅक्रॉनला दुहेरी सर्जन फासा चालतो, म्हणजे दोरी दुमडून त्या दुहेरी दोरीची साधी गाठ, टोक दोनदा ओवून. तो चांगला वीतभर लांब ठेवा, म्हणजे फ्लाय लाइनची सबंध गुंडी त्यातून पार होते आणि पुढे लाइन बदलायची झाली तर कापाकापी नको. आवळताना बघा: दोन्ही फासे एकमेकांत हात गुंफल्यासारखे सारखे बसले पाहिजेत. एक सरळ राहून दुसरा त्याच्या गळ्याभोवती आवळला गेला असेल तर सोडवून पुन्हा करा.

तयार फासा नसेल तर नेल गाठ किंवा अल्ब्राइट, या जाड दोरीला बारीक दोरी जोडायच्या गाठी. आवळण्याआधी थुंकीने ओली करा, टोकं अगदी जवळ कापा आणि गाठ रॉडच्या कड्यांतून दोन-चारदा हाताने ओढून बघा. अडखळली तर मासा असतानाही अडखळणार.

रंग कुठला?

भडक. नारिंगी, पोपटी, काहीही. माशाला तो दिसत नाही, तुम्हाला दिसला पाहिजे: पाण्यावर नारिंगी रेघ दिसली की कळतं, मासा ३० मीटरच्या पलीकडे गेलाय आणि आता पळत काठ धरायचा.

किती वर्षं टिकतं? उन्हाळ्यात खराब होतं का?

डॅक्रॉन गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. एप्रिल-मे मधल्या चाळिशीच्या उन्हात गाडीच्या डिकीत रीळ विसरलात तर बॅकिंगला काही होत नाही, वरच्या फ्लाय लाइनचं प्लास्टिकचं आवरण मात्र चिकट होतं.

ओलं रीळ पिशवीत बंद करून ठेवण्याची सवय वाईट. पॉलिस्टर कुजत नाही, पण आत अडकलेल्या ओलीने धातूचं रीळ डागाळतं आणि वास मारतो. पावसाळ्यात भिजलं असेल तर आठ-दहा मीटर सोडून पंख्याखाली ठेवा. वर्षातून एकदा जोडाजवळची पहिली काही मीटर बोटातून फिरवा. तंतू उसवलेले, खरखरीत लागले तर तेवढं कापून नवीन गाठ मारा. सगळं बदलायची गरज नाही.

कोकणात जिताडा मारायला जायचंय. हेच चालेल?

खाडीत जिताड्यासाठी ३० पौंडी डॅक्रॉन, १५० मीटर. खडकावरून खुल्या समुद्राकडे फेकणार असाल तर २०० मीटरच्या वर हवं. एवढं डॅक्रॉन मध्यम रिळात मावत नाही, म्हणून इथे जेलस्पनचे पैसे वसूल होतात. खारं पाणी रिळात राहू देऊ नका. परत आल्यावर स्पूल काढून गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा, मग सावलीत वाळवा. कसारा घाट चढून घरी आल्यावर 'उद्या धुऊ' म्हणाल, आणि रीळ पुढच्या सहलीपर्यंत तसंच राहील. रात्रीच बादली भरा.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

काठावर टाकायचे नाहीत. नांदूर मधमेश्वरला तर मासेमारीच नाही, ते पक्षी अभयारण्य आहे. पण तिथे येणारी पाखरं दारणा-गंगापूरवरही उतरतात आणि अशा तुकड्यांत त्यांचे पाय अडकतात. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळा करतो. घरी कात्रीने बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाकतो. लांब तुकडे आईने ताब्यात घेतलेत. गॅलरीतला दुधीचा वेल गेली दोन वर्षं २० पौंडी नारिंगी डॅक्रॉनवर चढतोय.